फराळाचे डबे उरलेत? मन मारण्यापेक्षा डबा हलवा

भाऊबीज झाली. लेकीबाळी सासरी गेल्या, पुण्या-मुंबईची मंडळी गाडीत बसली. मागं राहिले ते फराळाचे डबे. बेसनाचे लाडू, शंकरपाळ्या, तळाशी चिवडा, मोडक्या चकल्या आणि कुणीतरी दिलेला सोनपापडीचा बॉक्स. इकडे रानात हरभऱ्याची पेरणी, ज्वारीची खुरपणी, ऊसतोडीची गडबड. पहाटे मोटार चालू करायला जाताना एक लाडू, दुपारी आल्यावर चिवड्याची मूठ, रात्री टीव्हीपुढं शंकरपाळ्या. याला जेवण कुणी म्हणत नाही, पण पोटात जातंच.

ज्या घरात शुगरचं माणूस आहे, तिथं दिवाळीच्या चार दिवसांपेक्षा नंतरचे हे पंधरा दिवस जास्त जपायचे असतात. सणात चार जणांचं लक्ष असतं. नंतर प्रत्येक जण आपल्या कामाला आणि डबा घरात एकटा.

हिशेब करून बघू

जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार मोठ्या माणसानं वरून घातलेली साखर दिवसाला ५० ग्रॅमच्या आत ठेवावी, आणि जमलं तर २५ ग्रॅमच्या आत. २५ ग्रॅम म्हणजे साधारण सहा छोटे चमचे. आपल्याकडं दोन कप चहातच चार चमचे जातात. त्यावर एक लाडू खाल्ला की कोटा संपला. लाडवात साखरेबरोबर तूपही असतं. साखरेच्या एका ग्रॅमला ४ कॅलरी, तर तुपा-तेलाच्या एका ग्रॅमला ९. म्हणून लहानसा दिसणारा लाडू अंगाला भाकरीपेक्षा जड पडतो.

'गुळाचं आहे, चालतंय' असंही घरोघरी ऐकू येतं. गूळसुद्धा उसाचाच. शुगर वाढवायच्या बाबतीत गूळ आणि साखर यांत फार फरक नाही. अनारसे गुळाचे केले म्हणून शुगरच्या माणसाला सूट मिळत नाही.

हात का थांबत नाही?

गोड आणि तळलेलं एकत्र आलं की पोट भरलं तरी जिभेला आणखी हवं वाटतं. पोट भरल्याचा निरोप मेंदूला पोचायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. चिवडा तेवढ्या वेळात वाटीभर संपतो. दमून आलेल्या, उपाशी माणसापुढं डबा उघडा असेल तर तो खाणारच. यात मनाचा दुबळेपणा वगैरे काही नाही. म्हणून रोज मनाशी भांडत बसण्यापेक्षा डब्याची जागा बदललेली बरी.

घरात करता येण्यासारखं

डबे ओट्यावरून, टीव्हीजवळून काढा. काचेच्या बरणीतलं स्टीलच्या डब्यात भरा आणि वरच्या फळीवर ठेवा. स्टूल घेऊन चढावं लागलं की निम्म्या वेळा माणूस विचार बदलतो.

डब्यात हात घालून खाऊ नका. वाटीत काढा, झाकण लावा, मग बसा.

रानातून आल्यावर आधी पाणी, मग भाकरी-भाजी. गोड खायचंच तर जेवणानंतर अर्धा लाडू. रिकाम्या पोटी चहाबरोबर खाल्लेलं गोड शुगर झटकन वाढवतं.

मुदत ठरवा. तुळशीचं लग्न लागेपर्यंत फराळ संपला पाहिजे, असं घरात सांगून टाका. ओल्या खोबऱ्याच्या करंज्या तर एवढ्याही थांबत नाहीत. खवट वास आला किंवा बुरशी दिसली तर ते फेकायचंच.

वाया जाऊ नये म्हणून

आपल्या घरातल्या बायका डब्याचा चुरा, मोडके तुकडे 'टाकायचं कसं' म्हणून स्वतः खातात. अन्नाचा मान राखलाच पाहिजे. पण नको असलेलं पोटात ढकलणं म्हणजे अन्न वाचवणं नव्हे, पोट काय उकिरडा आहे का? फराळ चांगला आहे तोवरच वाटून टाका. शेताजवळ कोप्या टाकून राहिलेल्या ऊसतोड मजुरांच्या पोरांना द्या, कार्तिकीला निघालेल्या वारकऱ्यांच्या शिदोरीत बांधा. फक्त आपण जे खाणार नाही असं खवट दुसऱ्याच्या हातावर ठेवू नका.

आग्रह आवरा

'एकानं काय होतंय, घ्या की आप्पा' हे वाक्य आता बंद करायला हवं. आप्पा पाच घरी गेले की पाच लाडू होतात. शुगरच्या पाहुण्यापुढं भाजलेले शेंगदाणे, फुटाणे, बिनसाखरेचा चहा ठेवला तर पाहुणचार कमी होत नाही.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्याला एकदम घाम सुटला, हातपाय थरथरले, बोलणं अडखळलं तर शुगर उतरलेली असू शकते. त्या वेळी लाडू देऊ नका. तुपामुळं त्यातली साखर रक्तात जायला वेळ लागतो. माणूस शुद्धीवर असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच पाजा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता थेट दवाखाना गाठा. आणि 'आज गोड खाल्लं' म्हणून आपल्या मनानं जादा गोळी घेऊ नका.

तपासणी करून घ्या

तीस वर्षांवरच्या माणसांची शुगर आणि बीपी सरकारी उपकेंद्रात मोफत तपासतात. गावातल्या आशाताईंना विचारा, त्या दिवस सांगतील. उपाशीपोटी शुगर १०० च्या आत असली तर ठीक. १०० ते १२५ म्हणजे सावध व्हायची वेळ, आणि १२६ किंवा वर आली तर पुन्हा तपासून डॉक्टरांना दाखवायचं. पेरणीची घाई सगळ्यांनाच आहे, पण या कामाला अर्धा दिवस पुरतो.

फराळ पुढच्या वर्षी परत होणारच आहे. तेव्हा घरात खाणारी माणसं किती हे मोजून घाणा घाला, म्हणजे डबे उरणारच नाहीत.