डोक्याचा मार मराठी, कागद कन्नड

सीमेवरच्या एका खेड्यातील गवंड्याच्या घरी आम्ही गेलो, तेव्हा तो अंगणात बसून बांबू तासत होता. डोक्यावरची जखम केसांत झाकून गेलेली. पाहणाऱ्याला वाटावे, गडी बरा झाला. बायको मात्र चुलीपाशी हलक्या आवाजात म्हणाली, ''च्या पितात आणि घटकाभरानं विचारतात, आज च्या केला नाहीस काय? मापाचं तर काहीच उमगत नाही त्यांना.'' ओळंबा धरणाऱ्याला माप उमगू नये, म्हणजे हातपाय शाबूत असून धंदा गेला.

त्याच्या दुचाकीला मागून टेम्पोने ठोकरले होते. बायकोने फिर्याद मराठीत सांगितली, ती कन्नडमध्ये लिहिली गेली आणि तिने सही केली. त्यात ''दुचाकी घसरून'' असे शब्द आहेत, हे तिला समजले ते विमा कंपनीच्या वकिलाने ते वाचून दाखवले तेव्हा. लेखी घेतलेली फिर्याद फिर्यादीला वाचून दाखवावी आणि तिची नक्कल मोफत द्यावी, असे जुना फौजदारी कायदा सांगत होता आणि 2024 च्या जुलैपासूनचा नवा कायदाही सांगतो. पण न कळणाऱ्या भाषेत वाचून दाखवणे म्हणजे न वाचण्यासारखेच.

भाषेचा प्रश्न म्हटला की आपल्याकडे फलक, शाळा आणि उतारे यांवर बोलले जाते. नुकसानभरपाईच्या दाव्यांकडे कुणाचे लक्ष नसते. वास्तविक डोक्याच्या दुखापतीत भाषेचा काटा सर्वांत खोल रुततो. पाय मोडला तर क्ष-किरणांचे चित्र बोलते. मेंदूतला रक्तस्राव सी.टी. स्कॅनमध्ये दिसतो, पण विसरणे, एकाएकी चिडणे, ओठांवरचा शब्द न सापडणे हे कुणीतरी सांगावे लागते आणि कुणीतरी लिहावे लागते.

इस्पितळात पहिल्याच तासात याचा प्रत्यय येतो. शुद्ध मोजण्यासाठी 1974 पासून जगभर ग्लासगो कोमा स्केल वापरतात. त्यातील 15 पैकी 5 गुण बोलण्याचे असतात. ''तू कुठे आहेस?'' हे न कळणाऱ्या भाषेत विचारले, तर शुद्धीवरचा माणूसही गांगरतो. पुढे स्मृतीच्या व वाचेच्या चाचण्या होतात, तेव्हा तर हा प्रश्न अधिकच नाजूक होतो. दोन भाषा बोलणाऱ्याला मार लागला, तर एक भाषा लवकर परत येते आणि दुसरी मागे राहते, असेही घडते. म्हणून चाचणी मातृभाषेत हवी, आणि शक्यतो दोन्ही भाषांत. मराठी माणसाची स्मृती कन्नड शब्दांवर तपासली, तर विमा कंपनीच्या वकिलाला आयतेच मिळते: ''त्याला भाषाच येत नव्हती, मेंदूचा दोष कसला?'' उलट, खाणाखुणांनी भागवून घेतले, तर अहवालात ''बोलणे ठीक'' असे लिहिले जाते. दोन्हीकडून नुकसान रुग्णाचेच.

ते किती, हे पैशांत पाहू. वय 34, मासिक उत्पन्न 15,000 रुपये. सर्वोच्च न्यायालयाच्या 2009 च्या निकालानुसार या वयाला गुणक 16. पूर्ण कमाई बुडाली तर होतात 28 लाख 80 हजार. दाखल्यावरचे 30 टक्केच धरले तर 8 लाख 64 हजार. भविष्यातील वाढ आणि औषधोपचार वेगळे. दाखल्यावरची टक्केवारी आणि कमाईचे नुकसान एक नव्हे, त्या माणसाचा धंदा काय ते पाहावे, असे त्याच न्यायालयाने 2010 साली स्पष्ट केले. हरियाणातील एका बारा वर्षांच्या मुलीच्या मेंदूला जबर इजा झाली होती. 2020 साली तिच्या खटल्यात दोन सेवेकऱ्यांचा जन्मभराचा खर्चही धरून 62 लाख 27 हजार रुपये मंजूर झाले; सुरुवातीला न्यायाधिकरणाने दिले होते जेमतेम 11 लाख.

हा अर्ज अपघात घडला तिथेच करावा लागतो, असा समज आपल्याकडे पक्का आहे. तो चुकीचा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 166 प्रमाणे जखमी जिथे राहतो तिथेही तो करता येतो. म्हणजे चंदगडच्या माणसाला बेळगावच्या हद्दीत अपघात झाला, तरी कोल्हापूर जिल्ह्यात दाद मागता येते. मात्र कन्नड कागदांचे भाषांतर जोडावे लागते. एप्रिल 2022 पासून सहा महिन्यांची मुदतही आली. केवळ मुदतीवरून अर्ज फेटाळू नयेत, असा अंतरिम आदेश 2025 साली सर्वोच्च न्यायालयाने दिला, तरी त्या भरवशावर बसू नये. बायका आणि अपंग यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. साक्ष एका भाषेत आणि नोंद दुसऱ्या भाषेत झाली, तर साक्षीदाराला ती त्याच्या भाषेत समजावून सांगावी, असे दिवाणी प्रक्रिया संहिता सांगते. वकिलाने हे मागून घ्यावे. कन्नड भाषिक वकीलही ते आनंदाने करतात, असा आमचा अनुभव आहे.

गवंड्याचा दावा अजून चालू आहे. परवा त्याच्या बायकोसमोर आणखी एक कागद सहीला आला. तिने गावातल्या कन्नड शाळेच्या गुरुजींना बोलावून घेतले. गुरुजींनी दीड पानाचा मजकूर तिला मराठीत सांगितला. दोन ठिकाणी तिने त्यांना थांबवले, ती वाक्ये दुरुस्त करून घेतली आणि मगच सही केली.