घास अडकतो म्हणता? मग वेळ दवडू नका

आपल्या धुळ्याकडे भाकरीशिवाय जेवण होत नाही. म्हणून अन्ननलिकेच्या कर्करोगाची पहिली खूण दस्तरखानावरच दिसते. आधी भाकरी अडकते, मग खिचडी, शेवटी पाणीसुद्धा. अब्बा भाकरी दुधात कुस्करून खाऊ लागतात, ‘दात राहिले नाहीत’ म्हणतात आणि आपण ते मानतो. अम्मी तर सर्वांना वाढून शेवटी जेवते. तिचा अडकलेला घास कोणी पाहतच नाही.

दोन-तीन आठवडे असे चालले, वजनही उतरू लागले, तर अ‍ॅसिडिटीच्या गोळ्यांवर दिवस काढू नयेत. एन्डोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीची तपासणी करून घ्यावी. त्याच वेळी बारीक तुकडा काढून बायोप्सीला पाठवतात. आपल्याकडे बहुतेक गाठी स्क्वॅमस प्रकारच्या असतात. जठराजवळ होणारा अ‍ॅडिनोकार्सिनोमा त्यामानाने कमी, तर स्मॉल सेल हा प्रकार फारच दुर्मिळ. उपचार या प्रकारावर आणि आजार किती पसरला आहे यावर ठरतात.

‘गाठ आहे तर लगेच कापून का काढत नाहीत?’ हा प्रश्न घरोघरी निघतो. आधी केमो दिली की गाठ आकसते आणि शरीरात इतरत्र गेलेल्या सूक्ष्म पेशींवरही मारा होतो. नेदरलँड्समधील ‘क्रॉस’ अभ्यासात शस्त्रक्रियेपूर्वी 5 आठवडे केमो आणि किरणोपचार एकत्र दिले. 2012 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. फक्त शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी निम्मे रुग्ण 24 महिन्यांहून अधिक जगले; आधी उपचार घेतलेल्यांत हाच आकडा 49 महिन्यांवर गेला.

शस्त्रक्रियेत अन्ननलिकेचा रोगट भाग काढून जठराची नळी करतात आणि ती छातीत किंवा मानेपर्यंत वर ओढून जोडतात. 1913 साली न्यूयॉर्कमध्ये डॉ. फ्रांझ टोरेक यांनी अशी गाठ काढली, तेव्हा रुग्ण महिलेला पुढची कित्येक वर्षे बाहेरून जोडलेल्या रबरी नळीतून जेवावे लागले. तेथून विद्या आज इथवर आली आहे.

घरच्यांचे खरे काम त्यानंतर सुरू होते. थोडे-थोडे, दिवसातून सहा-सात वेळा खायला द्यावे. जेवल्यावर लगेच आडवे होऊ देऊ नये, झोपताना उशाशी उंची ठेवावी. ईदचा शीरखुर्मा वाटीभर दिला तर छातीत धडधड आणि चक्कर येऊ शकते. गोड जपूनच द्यावे. रमजानमध्ये आजाऱ्याला रोजाची सवलत आहे, ती घेताना मन खट्टू करू नये. आणि हा रोग संसर्गाचा नाही. ताट-पेला वेगळा काढून रुग्णाचे मन मोडू नका.

खर्चाची धास्ती मोठी असते. म्हणून रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे महात्मा फुले जन आरोग्य योजनेची चौकशी आधी करावी, दागिन्यांना हात नंतर लावावा. मुंबईचे टाटा रुग्णालय तर 1941 पासून या रोगाशी लढत आहे.

राज्यात 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी शाळेबाहेर पडलेल्या पुड्या आम्हा शिक्षकांना रोज दिसतात. तंबाखू हे या रोगाचे एक मोठे कारण आहे. दुआ जरूर करू या. पण दवाखान्याची वाट धरायला उशीर नको. आज रात्री जेवताना अम्मीला एवढेच विचारा, ‘घास नीट उतरतो ना?’