मरणावरची सत्ता आणि मरोळचे बाप्तिस्म्याचे कुंड

ख्रिस्ती धर्मग्रंथात मेलेला माणूस जिवंत झाल्याचे प्रसंग बरेच आहेत. जुन्या करारात संदेष्टा एलीया सारफथच्या विधवेच्या मुलाला उठवतो. नव्या करारात येशू याईराच्या बारा वर्षांच्या मुलीला हात धरून उठवतो, तर नाईन गावच्या विधवेचा मुलगा वाटेत तिरडी थांबवून तिच्या स्वाधीन करतो. पण खरी मनाचा ठाव घेते ती योहानाच्या शुभवर्तमानातली लाजराची कथा. त्याला पुरून चार दिवस झालेले असतात. आता दुर्गंधी सुटली असेल, म्हणून बहीण मार्था कबरीवरची धोंड काढायला कचरते. कबरीकडे जाताना येशू रडतो, हे विसरून चालणार नाही. मरणावर ज्याची सत्ता आहे, तोही मरणाचे दुःख हलके लेखत नाही. मग हाक ऐकून लाजर बाहेर येतो, तो प्रेतवस्त्रांत हातपाय बांधलेला तसाच.

ही सगळी माणसे आपल्या जुन्या आयुष्यात परतली. त्यांच्यापुढे मरण होतेच. येशूचे पुनरुत्थान वेगळे. त्याची प्रेतवस्त्रे कबरीतच राहतात, आणि त्याला पुन्हा मरण नाही. हा फरक कळला नाही, तर ईस्टर कळत नाही.

पुनरुत्थानाची सर्वांत जुनी सविस्तर लेखी साक्ष प्रेषित पौलाच्या करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात, पंधराव्या अध्यायात आहे. ते पत्र इ. स. ५५ च्या सुमाराचे, म्हणजे चारही शुभवर्तमानांच्या आधीचे. ख्रिस्त उठलाच नसेल तर सारा विश्वास फोल, असे पौल रोखठोक सांगतो. मेलेले शरीर उठणार कसे, या प्रश्नावर तो शेतकऱ्याला पटेल असा दाखला देतो: पेरलेला दाणा आणि उगवलेले रोप दिसायला एकसारखे नसतात. रोमकरांच्या पत्रात तो बाप्तिस्म्याचा अर्थही असाच लावतो. बाप्तिस्मा म्हणजे ख्रिस्ताबरोबर पुरले जाणे आणि नव्या जीवनासाठी उठणे. म्हणूनच ईस्टरच्या आदल्या रात्री कॅथलिक चर्चमध्ये अंधारात नवा अग्नी पेटवतात, चालू वर्षाचे आकडे कोरलेली मोठी मेणबत्ती त्यावर लावतात आणि त्याच मिस्सेत बाप्तिस्म्याचे पाणी आशीर्वादित करतात.

बाप्तिस्म्याच्या याच अर्थाची एक खूण मुंबईत आहे. अंधेरीला सीप्झ या औद्योगिक क्षेत्राच्या आवारात सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्चच्या छप्पर नसलेल्या भिंती उभ्या आहेत. पोर्तुगीज जेझुइटांनी ते १५७९ साली बांधले. १८४० च्या सुमारास साथ आली आणि इथले ईस्ट इंडियन ख्रिस्ती गाव सोडून मरोळला गेले. तिथल्या नव्या चर्चला नाव मिळाले सेंट जॉन द इव्हँजेलिस्ट, म्हणजे लाजराची कथा सांगणाऱ्या योहानाचे. साथीने माणसे नेली, घरे ओस पडली. पण जुन्या चर्चमधले बाप्तिस्म्याचे कुंड लोकांनी मागे टाकले नाही. ते त्यांनी मरोळच्या चर्चमध्ये नेऊन बसवले.