घरकाम करता करता पहिलीचा अभ्यास

सोलापूरच्या पूर्व भागात अनेक घरांत तेलुगू, तर अक्कलकोटकडे कन्नड बोलली जाते. यातील बऱ्याच मुलांच्या हाती पहिलीत मराठी पुस्तक येते. ‘आम्हालाच वाचता येत नाही, अभ्यास कसा घेणार?’ हा आयांचा प्रश्न असतो.

माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत शिक्षक असताना रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडून धडे घरच्या मोबाईलवर पोहोचवले. २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार त्यांना मिळाला. पण मोबाईलवर ऐकलेले मुलाने आठवून सांगितले, तरच ते पक्के होते. ते ऐकून घेणे निरक्षर आईलाही जमते.

आजीने तेलुगूत गोष्ट सांगावी, पुढचा भाग मुलाकडून ऐकावा. घरच्या भाषेतील समज मराठी वाचतानाही कामी येते. भाकरी थापताना ‘सहा भाकरी, तीन माणसे, प्रत्येकाला किती?’ असे विचारावे. चिंचोक्यांचे दहा-दहाचे ढीग केले की एकक-दशक समजते. रोज पंधरा-वीस मिनिटे पुरतात.

विड्या वळणाऱ्या घरांत मात्र मोजायला विड्या देऊ नयेत. तंबाखूची धूळ मुलांच्या श्वासनलिकेला त्रास देते. आईनेही हात साबणाने धुऊनच मुलाला जवळ घ्यावे.

इतके करूनही मूल मागे पडत असेल, तर त्याला आळशी म्हणण्याआधी डोळे आणि कान तपासावेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक सरकारी शाळांत ही तपासणी मोफत करते.