सहा दिवसांचे नेपाळ : काठमांडूचा बाजार आणि पोखऱ्याचा तलाव

छोट्या दुकानदाराला सुट्टी म्हणजे बुडालेला गल्ला. त्यामुळे आपल्या व्यापारी बंधूंचा प्रवास एक तर लग्नाचा, नाही तर मालाच्या खरेदीचा. बायकामुलांना घेऊन फिरायला जाण्याचे 'पुढच्या सीझननंतर' म्हणत वर्षानुवर्षे राहून जाते. अशांसाठी आम्ही शेजारच्या नेपाळचा हिशोब मांडत आहोत. सोमवारी निघावे, शनिवारी घरी यावे. शहर बघून होते, तलाव बघून होतो आणि डोळे उघडे ठेवले तर धंद्याचेही चार धडे मिळतात.

आधी कागदपत्रे. भारतीय नागरिकाला नेपाळसाठी व्हिसा लागत नाही. विमानाने जायचे तर पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र हवे, तेही मूळ. आधार कार्डावर प्रौढ माणसाला विमानात बसू देत नाहीत. विमानतळावरून परत फिरण्याची वेळ बहुधा याच कारणाने येते. रेल्वेने गोरखपूर आणि पुढे सोनौलीची सरहद्द ओलांडून जाता येते व ते स्वस्तही पडते. पण मुंबईहून जाण्यायेण्यातच चार दिवस मोडतात, म्हणून सहा दिवसांच्या बेतात तो मार्ग बसत नाही.

पैशाचा हिशोब सोपा आहे. 1993 पासून भारतीय 100 रुपयांना नेपाळी 160 हा दर ठरलेला आहे. भाव विचारताना मात्र 'आयसी की एनसी?' हे आधी विचारावे. आयसी म्हणजे भारतीय रुपये, एनसी म्हणजे नेपाळी. हा एक प्रश्न विसरला तर घासाघीस करून मिळवलेली सूट तिथेच जाते. नेपाळने डिसेंबर 2018 मध्ये 100 च्या वरच्या भारतीय नोटांवर बंदी घातली होती. या बाबतीतले नियम बदलत असतात. निघण्याच्या आठवड्यात बँकेत विचारून घ्यावे आणि जवळ शंभराच्या नोटा ठेवाव्यात. मार्च 2024 पासून तिथल्या फोनपे कंपनीच्या क्यूआर कोडवर आपले यूपीआय चालते, पण गल्लीतल्या कारागिराकडे रोखच बरी.

आता दिवस कसे लावायचे? बहुतेक लोक आधी काठमांडूत खरेदी करतात आणि ती गाठोडी पोखऱ्यापर्यंत वाहून परत आणतात. आमचा सल्ला उलटा आहे. सोमवारी पोहोचल्यावर बाजार फक्त बघावा. मंगळवारी पोखऱ्याला जावे, बुधवार तलावावर काढावा, गुरुवारी परतावे आणि शुक्रवारी खरेदी करावी. शनिवार हा नेपाळमध्ये सुट्टीचा वार. कारखाने, कार्यालये बंद असतात, म्हणून तो परतीच्या विमानासाठी ठेवावा. शेवटची रात्र काठमांडूतच असावी हेही महत्त्वाचे, कारण पोखऱ्याचा रस्ता आणि विमान दोन्ही हवामानाच्या मर्जीवर चालतात.

काठमांडूत पाहण्यासारखे पुष्कळ आहे, पण आमचे वाचक असन आणि इंद्रचौकात रमतील. इंद्रचौकाजवळ पोत्यांचा बाजार आहे. पोते म्हणजे बारीक काचमण्यांची माळ. तिथल्या विवाहित स्त्रिया ती आपल्याकडच्या मंगळसूत्राप्रमाणे घालतात आणि मध्ये तिलहरी नावाचा सोन्याचा लांबट मणी ओवतात. हा धंदा पिढ्यानपिढ्या मुसलमान व्यापाऱ्यांच्या हाती आहे. गिऱ्हाईक रंग आणि लांबी सांगते आणि दुकानदार समोर बसून माळ ओवून देतो. आमच्या मणियार बंधूंनी तिथे तासभर बसावेच. तयार माल सगळीकडे मिळतो, पण समोर बनवून घेतलेल्या वस्तूसाठी गिऱ्हाईक परत येते, हे तिथे प्रत्यक्ष दिसते.

काठमांडूत काश्मिरी व्यापारी आले ते तिबेटच्या व्यापारामुळे. ल्हासाच्या वाटेवरचे हे मोठे ठाणे होते. घंटाघराजवळ काश्मिरी तकिया मशीद व जवळच नेपाळी जामे मशीद आहे. शुक्रवारी जुम्याची नमाज तिथे होते आणि हलाल जेवणाची चौकशीही त्याच भागात करावी. इतरत्र मोमो आणि मटण मागवताना आधी विचारून घ्यावे. घड्याळ 15 मिनिटे पुढे करायला विसरू नये, नेपाळची वेळ आपल्यापेक्षा तेवढी पुढे आहे.

पोखरा सुमारे 200 किलोमीटर. विमानाने साधारण अर्धा तास. बसने सहा ते आठ तास धरतात, पण रुंदीकरणाच्या कामांमुळे गेली काही वर्षे त्याहून जास्त लागले आहेत. जाताना विमान, येताना दिवसाची बस असे आम्ही सुचवू. वाटेत तनहूँ जिल्हा लागतो. तनहूँ, गोरखा, कास्की या डोंगरी भागांत चुरौटे मुसलमानांची वस्ती आहे. नावातच चुरा, म्हणजे बांगडी आहे. बांगड्या विकत गावोगाव फिरणारी ही जमात डोंगरात पिढ्यानपिढ्या स्थिरावली आहे.

पावसाळ्यात मात्र हा बेत करू नये. 12 जुलै 2024 रोजी नारायणगड-मुग्लिन रस्त्यावर दरड कोसळून दोन बस त्रिशूली नदीत वाहून गेल्या. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आकाश स्वच्छ असते, पण दशैंच्या सणात बाजार बंद असतात. त्या तारखा पाहूनच तिकीट काढावे.

फेवा तलावावर पहाटे जावे. वारा सुटण्याआधी पाणी स्थिर असते आणि 6,993 मीटर उंचीचे माछापुच्छ्रे शिखर त्यात उलटे दिसते. दुपारपर्यंत ढग येतात आणि सगळे संपते. रंगीत लाकडी होडी काठावरच्या तिकीट खिडकीवरून ठरलेल्या दराने घ्यावी, लाइफ जॅकेट घालावे. या तलावावर जलारी समाजाची मासेमारी चालते. ताज्या मासळीचे जेवण मिळते, तेव्हा हलालची काळजीही राहत नाही. नमाजसाठी मियाँपाटण वस्तीत मशीद आहे. दुपारी गर्दी नको वाटली तर बेगनास तलाव गाठावा, तो शांत आहे.

शुक्रवारच्या खरेदीबद्दल थोडे. ठमेलमध्ये 'पश्मिना' म्हणून विकली जाणारी पुष्कळशी शाल व्हिस्कोस किंवा ॲक्रिलिकची असते. 'च्यांग्रा पश्मिना' ही नेपाळी उत्पादकांची नोंदणीकृत खूण आहे, ती पाहून घ्यावी. धातुकाम करणाऱ्यांनी पाटणला जाऊन मेणाचा साचा वितळवून केलेले ओतकाम बघावे. 100 वर्षांहून जुनी मूर्ती किंवा वस्तू देशाबाहेर नेता येत नाही, आणि नव्या मूर्तीसाठीही पुरातत्त्व विभागाचा दाखला मागतात. दुकानात विकण्यासाठी माल उचलायचा मोह होईल. पण थप्पीने माल म्हणजे प्रवासी सामान नव्हे, त्यावर जकात लागते. नमुन्याला एक-एक नग घ्यावा, बिल मागावे आणि दुकानाचे कार्ड खिशात ठेवावे.