तुळुनाडूचा किनारा : दिवस सूर्याच्या चालीने आखावा

काही वर्षांपूर्वी एप्रिल महिन्यात आम्ही आईला घेऊन कारकळला गेलो. टेकडीवरील भगवान बाहुबलींच्या आवारात पोहोचलो तेव्हा दुपारचे साडेबारा वाजले होते. पादत्राणे काढून चार पावले टाकताच तापलेल्या दगडाने आईचे तळवे भाजले. भोवळ येऊन ती भिंतीच्या सावलीत बसली आणि तिचे दर्शन दुरूनच झाले. दोष ना स्थळाचा होता, ना तिच्या वयाचा. तो आम्ही आखलेल्या वेळापत्रकाचा होता. या किनाऱ्यावर फिरताना स्थळांच्या यादीआधी सूर्याची चाल पाहावी, हा धडा त्या दिवशी मिळाला.

मंगळूर-उडुपी परिसरातील हा तुळू भाषकांचा प्रदेश एका बाजूस अरबी समुद्र आणि दुसऱ्या बाजूस सह्याद्री यांच्यामध्ये वसलेला आहे. ‘जैन काशी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मूडबिद्रीत १४३० सालची त्रिभुवनतिलक चूडामणी बसदी आहे. षट्खंडागमावरील धवला टीकेच्या ताडपत्री पोथ्या याच गावाने शतकानुशतके जपल्या. कारकळची ४२ फुटी अखंड पाषाणमूर्ती १४३२ सालची, तर वेणूरची ३५ फुटी मूर्ती १६०४ सालची. तीर्थ आणि समुद्र एकाच प्रवासात घडावेत, असा हा दुर्मीळ योग आहे.

केव्हा जावे?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. मार्चपासून तापमानाचा आकडा सोलापूर-विदर्भाइतका चढत नाही, म्हणून प्रवासी गाफील राहतात. परंतु हवा दमट असल्याने घाम वाळत नाही आणि शरीर थंड होत नाही. तहान लागण्याची वाट न पाहता थोडे थोडे पाणी, शहाळे किंवा मीठ-साखर-पाणी घेत राहावे. सैल, फिकट रंगाचे सुती कपडे आणि छत्री सोबत असावी. जून ते सप्टेंबर येथे मुसळधार पाऊस पडतो. त्या दिवसांत समुद्रही खवळलेला असतो.

मुंबई, रत्नागिरी किंवा कुडाळकडून निघणाऱ्यांना कोकण रेल्वे सोयीची आहे. पावसाळ्यात तिचे वेळापत्रक बदलते, हे तिकीट काढताना लक्षात ठेवावे. कोल्हापूर-सांगलीकडील मंडळी बेळगाव-हुबळीमार्गे अंकोल्याला उतरून किनाऱ्याचा महामार्ग धरू शकतात.

दिवस कसा आखावा?

मुक्काम मूडबिद्री किंवा कारकळला केल्यास पहाटेचा प्रवास वाचतो. दोन्ही गावांत साधारण १८ किलोमीटरचे अंतर आहे. सकाळी प्रथम कारकळची टेकडी चढावी. सोबत ज्येष्ठ असतील तर पायऱ्यांऐवजी वाहनाने कुठवर जाता येते, याची आधी चौकशी करावी. जाड सुती मोजे जवळ ठेवावेत. ऊन चढू लागले की मूडबिद्रीच्या बसदींकडे वळावे. उतरत्या छपरांच्या त्या दगडी वास्तूंत, खांबांच्या दाट सावलीत, बाहेरच्या उन्हाचा विसर पडतो. दर्शनाच्या वेळा मात्र आदल्या दिवशीच विचारून घ्याव्यात. बारा ते साडेतीन ही वेळ भोजन आणि विश्रांतीसाठी राखावी.

आहाराचा प्रश्न

डिसेंबरात येथे सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो, मे महिन्यात पावणेसातच्या आसपास. रात्रिभोजन वर्ज्य असणाऱ्यांची किनाऱ्यावर नेमकी याच वेळी ओढाताण होते. समुद्रावरचा सूर्यास्त पाहावा, तर जेवण राहते. उपाय सोपा आहे : पाचच्या आत जेवण उरकून मगच वाळूवर जावे. उपाहारगृहात केवळ ‘शाकाहारी’ म्हणून भागत नाही. सांबारात कांदा आणि मसाला डोशात बटाटा असतोच. ‘ईरुळ्ळी, बेळ्ळुळ्ळी, आलूगड्डे बेड’, म्हणजे कांदा, लसूण, बटाटा नको, एवढे कन्नड पाठ असावे. तांदळाचा नीर डोसा आणि ओले खोबरे हा सहसा निर्धोक पर्याय. सोबतची चटणी मात्र विचारूनच घ्यावी. उकळून गाळलेले पाणी मुक्कामावरूनच भरून न्यावे.

समुद्राशी सलगी नको

मलपे, कापू, पणंबूर हे किनारे रम्य आहेत, पण लाट परतताना पायांखालची वाळू ओढून नेते. लाल निशाण असेल तेथे पाण्यात उतरू नये. मुलांचा हात सोडू नये. कोणी आत ओढले गेलेच, तर प्रवाहाविरुद्ध झुंजत दम घालवू नये. किनाऱ्याला समांतर पोहत प्रवाहाबाहेर यावे आणि मग काठाकडे वळावे. काठावरच्यांनी त्यामागे उडी न घेता जीवरक्षकांना हाक द्यावी आणि तरंगणारी वस्तू फेकावी. स्थानिक कोळी ‘आज नको’ म्हणाले, तर तो शब्द अखेरचा मानावा.

पुढे एका डिसेंबरात आईला घेऊन आम्ही पुन्हा कारकळला गेलो. कोवळे ऊन नुकतेच मूर्तीच्या खांद्यावर आले होते आणि पायांखालचा दगड गार होता. आई कोणाचाही हात न धरता चरणांपर्यंत चालत गेली आणि बराच वेळ तेथे उभी राहिली. त्या दिवशी आम्ही दोन स्थळे कमी पाहिली. त्याची खंत आजवर कोणालाही वाटलेली नाही.