हिरव्या आकड्यांची काच

जुन्या कॅसेट डेकवर, ॲम्प्लिफायरवर किंवा डीव्हीडी प्लेअरवर निळसर-हिरव्या प्रकाशाचे आकडे तुम्ही पाहिले असतील. आवाज वाढला की त्याच काचेत पट्ट्या वर-खाली नाचतात. घरी असा संच नसेल, तर मोठ्या दुकानात बिल करताना ग्राहकाकडे तोंड करून ठेवलेली दोन ओळींची पट्टी आठवा. या काचेला व्हॅक्युम फ्लुओरेसेंट डिस्प्ले, थोडक्यात व्हीएफडी, म्हणतात.

ई.एम.ई.मधून निवृत्त होऊन मी रायपूरला स्थायिक झालो. तेव्हापासून तात्यापारा, चौबे कॉलनी इथल्या ओळखीच्या मराठी घरांतले जुने संच माझ्या टेबलावर येतात. तक्रार बहुधा एकच असते : "गाणं वाजतं, पण आकडे दिसत नाहीत. भंगारात देऊ का?" या डेकबरोबर घरात कॅसेटही असतात. कुणाच्या आजोबांचे कीर्तन, कुणाचे गणेशोत्सवातले गाणे. डेक गेला की त्या कॅसेट ऐकायचे साधनही जाते. म्हणून उत्तर देण्याआधी काच समजून घ्यावी लागते.

काचेच्या आत काय असते?

बारावीच्या भौतिकशास्त्रात तुम्ही तापायनिक उत्सर्जन शिकता : धातू तापला की त्यातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. फ्लेमिंगने १९०४ साली या तत्त्वावर डायोड व्हॉल्व्ह केला. १९०६ साली ली द फॉरेस्टने त्यात तिसरा भाग, म्हणजे ग्रिड, घातला आणि ट्रायोड तयार झाला. व्हीएफडी हा त्याच ट्रायोडचा चपटा भाऊ आहे. जपानच्या इसे इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीत तादाशी नाकामुरा यांनी तो १९६७ साली विकसित केला.

काच डोळ्यांजवळ धरा. केसाहून बारीक अशा आडव्या तारा दिसतील. त्या फिलामेंट, म्हणजे कॅथोड. त्यामागे बारीक जाळी असते, ती ग्रिड. सर्वांत मागे आकड्यांच्या आकाराचे अॅनोड, आणि त्यांवर झिंक ऑक्साइडचा लेप. तार तापते, इलेक्ट्रॉन सुटतात, जाळी व अॅनोड दोन्ही धन असतील तर ते लेपावर आदळतात आणि लेप उजळतो. दोहोंपैकी एक जरी ऋण असला तरी तो भाग अंधारा राहतो. हे सारे निर्वात काचेत चालते. आत हवा शिरली तर ती काच आपल्या हाताने पुन्हा निर्वात करता येत नाही.

दोष शोधण्याचा क्रम

वर्कशॉपमध्ये आम्हाला एक शिस्त होती : आधी पाहा, मग मोजा, मगच हत्यार उचला. इथेही तसेच करावे.

पहिली पायरी, पाहणे. काचेच्या आत कोपऱ्यात चंदेरी किंवा काळसर आरशासारखा डाग असतो. त्याला गेटर म्हणतात. उरलीसुरली हवा शोषणे हे त्याचे काम. तो दुधासारखा पांढरा झाला असेल तर काचेत हवा शिरली आहे आणि ती काच संपली. डाग चकचकीत असेल तर आशा आहे.

दुसरी पायरी, फिलामेंट. वीज पूर्ण काढून काचेच्या दोन टोकांच्या पिनांमध्ये मल्टीमीटरने रोध मोजा. काही ओहम ते काही दशक ओहम दाखवले तर तार शाबूत आहे.

तिसरी पायरी, वीजपुरवठा. बऱ्याच ऑडिओ संचांत काचेला दोन वेगळे पुरवठे लागतात : फिलामेंटला काही व्होल्ट एसी, आणि अॅनोड-ग्रिडसाठी साधारण ३० व्होल्ट, बहुतेक वेळा ऋण. दोष बहुधा इथेच सापडतो. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर सुकलेला असतो, छोटा फ्यूज-रेझिस्टर उडालेला असतो किंवा ट्रान्सफॉर्मरच्या पायाशी सोल्डरला तडा गेलेला असतो.

यात रायपूरच्या हवेचाही हात आहे. असा कंडेन्सर १० अंश जास्त तापला की त्याचे आयुष्य सुमारे निम्मे होते, असा ढोबळ नियम आहे. मे महिन्यात बाहेर ४५ अंशांजवळ तापमान, आत बंद कपाटात डेक, वर धूळ. म्हणून बदलताना मी ८५ अंशांऐवजी १०५ अंशांचा कंडेन्सर घालतो. खर्च काही रुपयांचा असतो.

आकडे दिसतात पण फिके आहेत, अशीही तक्रार येते. आधी पुढची प्लॅस्टिकची पट्टी पुसून पाहा. मग नीट निरीक्षण करा. सगळेच सारखे फिके असतील तर पुरवठा तपासा. नेहमी पेटणारे भाग फिके आणि क्वचित पेटणारे उजळ असतील, तर लेप झिजला आहे. तो परत येत नाही. प्रकाश वाढावा म्हणून फिलामेंटचा व्होल्टेज वाढवू नका. अंधारात तार लाल दिसू लागली तर ती जास्त तापते आहे आणि तिचे आयुष्य घटते आहे.

संच मेला, काच जिवंत

काही वेळा मोटर, हेड, ट्रान्सफॉर्मर सारेच गेलेले असते. अशा वेळी काच काढून तिचे घड्याळ करता येते. आधी पिना ओळखायच्या. फिलामेंटला १.५ व्होल्टच्या एका सेलपासून सुरुवात करा. बाकीच्या प्रत्येक पिनेला स्वतंत्र १० किलोओहमच्या रेझिस्टरमधून २४ व्होल्ट धन द्या आणि पुरवठ्याचे ऋण टोक फिलामेंटला जोडा. पूर्ण काच उजळेल. मग एकेक पिन ऋण टोकाला टेकवा. पूर्ण अंक विझला तर ती ग्रिड. सर्व अंकांतली एकच रेघ विझली तर तो अॅनोड. वहीत नकाशा काढत जा.

पुढे मायक्रोकंट्रोलर अंक एकामागून एक, सेकंदाला शंभराहून अधिक वेळा पेटवतो, आणि डोळ्याला सगळे एकदम दिसतात. त्याचे ५ व्होल्ट इथे अपुरे पडतात. मध्ये उच्च व्होल्टेजची ड्रायव्हर चिप किंवा ट्रान्झिस्टर लागतात. बंद ग्रिड फिलामेंटपेक्षा थोडी ऋण ठेवावी लागते, नाहीतर विझलेला अंक भुतासारखा पुसट दिसत राहतो.

दोन सूचना. उघड्या संचात २३० व्होल्ट असतात आणि वीज काढल्यावरही मोठे कंडेन्सर काही काळ भारलेले राहतात. प्रशिक्षक जवळ असल्याशिवाय झाकण उघडू नका. आणि काचेच्या कडेचे छोटे टोक जपा. हवा काढून ते वितळवून बंद केलेले असते. ते तुटले की काच गेली.

कोणता संच मोडायचा?

यातली बहुतेक काच विशिष्ट मॉडेलसाठीच बनलेली असते. तिची नवी प्रत दुकानात मिळत नाही. ती त्याच मॉडेलच्या दुसऱ्या बंद संचातूनच मिळते. सैन्यात दोन नादुरुस्त यंत्रांतून एक चालू करायला कॅनिबलायझेशन म्हणतात, आणि तिथे ते परवानगीशिवाय करता येत नाही. घरीही तोच नियम ठेवावा. शोभेच्या घड्याळासाठी दुरुस्त होणारा डेक मोडणे योग्य नाही. आधी दुरुस्ती, ती अशक्य असेल तर सुटे भाग, आणि उरलेला सांगाडा नोंदणीकृत ई-कचरा केंद्राकडे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांचाही रोख पुनर्चक्रण नोंदणीकृत हातांतून व्हावे असाच आहे.

सुट्टीत घरी गेलात की माळ्यावरचा डेक खाली उतरवा. वडिलधाऱ्यांना विचारून, वीज न जोडता, टॉर्च घेऊन काचेच्या कोपऱ्यातला तो डाग तेवढा पाहून ठेवा. चंदेरी असेल तर डेक भंगारात देऊ नका, असे घरी सांगा.